दर पावसाळ्यात वाकणारा टेरेन बोर्ड: आधी बघा, कुठली बाजू ओढते आहे

टेरेन बोर्ड म्हणजे छोट्या शिपायांच्या बाहुल्यांनी टेबलावर लढाई खेळायला केलेलं डोंगर-नदीचं मैदान. तो वाकतो त्याचं लक्षण असं असतं. मे महिन्यात केलेला बोर्ड टेबलावर अगदी सपाट बसतो. जूनच्या शेवटाला चारही कोपरे उचललेले. दोन तुकडे शेजारी लावले की सांध्यावर पायरी, आणि नदी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना धबधबा होऊन पडते. कडेला उभा केलेला २८ मिमीचा मावळा कलंडतो, टाकलेला फासा घरंगळत मधल्या खोलगटात जाऊन बसतो. मग आपण त्यावर वजन ठेवतो. आठवड्याने काढलं की दोन दिवस बरा दिसतो, तिसऱ्या दिवशी कोपरे पुन्हा वर. डिसेंबरात तो आपला आपणच बसतो आणि आपल्याला वाटतं, सुटलं एकदाचं. पुढच्या जूनला परत तेच.

मी हे तीन पावसाळे केलं. राधानगरीचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या यायला लागल्या, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की इकडे माळ्यावर माझा बोर्डही वर निघायचा. त्यात बोर्ड कशाचा, तर घोडखिंडीचा. १३ जुलै १६६०, पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशालगडाकडची धाव, भर पावसातली लढाई. पावसातली लढाई दाखवायला केलेला बोर्ड पावसानेच वाकला, यावर दोस्तांनी जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

बोर्ड म्हणजे २ बाय २ फुटांचे सहा तुकडे. जोडले की ६ बाय ४ फुटांचं मैदान. पहिल्या खेपेला ३ मिमीचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), त्यावर फोमचे डोंगरकडे, त्यावर फेविकॉल आणि वाळू. स्वस्त, हलका, आणि वाकायला एकदम तयार.

टेबल तपासलं का?

हसू नका. मी एक अख्खा रविवार बोर्डाला शिव्या घालण्यात घालवला. मग एक तुकडा पिशवीत घालून उद्यमनगरातल्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेला आणि सरफेस प्लेटवर टेकवला. ती बिडाची प्लेट आरशासारखी सपाट असते. त्या तुकड्यात जेमतेम दीड मिलिमीटरचा बाक निघाला. बाकीचा सगळा दोष आमच्या जेवणाच्या टेबलाचा होता.

सगळ्यांच्या ओळखीत सरफेस प्लेट असेल असं नाही. घरच्या घरी असं करा: तुकडा टेबलावर ठेवा, कुठला कोपरा डुगडुगतो ते बघा, मग तुकडा पाव फेरा फिरवा. डुगडुग तुकड्याबरोबर फिरली तर दोष तुकड्याचा. टेबलाच्या त्याच जागी राहिली तर टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवा आणि पुढचं वाचायची गरज नाही.

दोष तुकड्याचाच असेल तर किती आहे ते मोजून ठेवा. माझं माप म्हणजे शिसपेन्सिल. उचललेल्या कडेखालून आडवी पेन्सिल आरपार गेली तर ६-७ मिलिमीटरचा बाक, हा दुरुस्त करावाच लागतो. नुसतं टोक जाऊन अडकलं तर खेळायला काही बिघडत नाही. तारीख घालून तुकड्याच्या पाठीवरच लिहा. जुलैचा आकडा आणि जानेवारीचा आकडा शेजारी शेजारी दिसले की अर्धं निदान तिथेच होतं.

वाटी, पालथी वाटी, पीळ

बाक तीन तऱ्हेचा येतो आणि तिघांची कारणं वेगळी. तुकडा डोळ्याच्या पातळीला धरा आणि कडेकडून बघा.

कडा वर, मध्य खाली, म्हणजे वाटी. शंभरातल्या नव्वद जणांचं दुखणं हेच. वरची बाजू आखडली आहे, किंवा खालची फुगली आहे, किंवा दोन्ही एकदम.

मध्य वर, कडा खाली, म्हणजे पालथी वाटी. हे उलटं. पाठीला रंग किंवा डिंक जास्त आणि वर कमी, किंवा ओला तुकडा पाठ उन्हाकडे करून वाळवलेला.

समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि दुसरे दोन खाली, म्हणजे पीळ. याचं पुढे सांगतो. त्यात चांगली बातमी नाही.

आता वाटी का होते ते नीट समजून घ्या, कारण ते न समजता केलेले सगळे उपाय मी करून बसलो आहे. फेविकॉल पाण्यात कालवून वाळूवर ओतला की त्यातलं पाणी उडून जातं आणि मागे राहिलेला पापुद्रा आखडतो. दिवाळीत किल्ला केला असेल तर हे तुम्ही लहानपणीच पाहिलंय. सकाळी लिंपलेला बुरूज संध्याकाळपर्यंत तडकतो. पाणी गेलं, माती आखडली, ताणायला जागा नाही म्हणून भेग पडली. डिंक मातीसारखा तडकत नाही, तो चिवट. म्हणून तो स्वतः फाटण्याऐवजी खालच्या फळीलाच आपल्याकडे ओढून घेतो. ३ मिमीच्या एमडीएफची काय बिशाद!

हा झाला पहिला धक्का, तो बोर्ड केल्यावर दोन-तीन दिवसांत बसतो. दुसरा धक्का पावसाचा. वरच्या बाजूवर डिंक, वाळू, रंग, वार्निश असे चार थर आहेत. पाठ मात्र उघडी. हवेतली ओल पाठ पिते, एमडीएफ पाठीकडून फुगतो, खालची बाजू लांबते आणि कडा आणखी वर जातात. डिसेंबरात हवा कोरडी झाली की पाठ सुकते आणि तुकडा बसतो. मेलं ते दर वर्षीचं चक्र हेच. मधल्या काळात आपण ठेवलेल्या वजनाचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो.

बाइंडिंगवाल्या काकांकडे

हे मला कुणा गेमरने सांगितलं नाही. महाद्वार रोडच्या एका बोळात एक म्हातारे बाइंडर आहेत, त्यांच्याकडे जुने दिवाळी अंक बांधायला टाकले होते. आणायला गेलो तर कापड चढवलेले पुठ्ठे ओळीने मांडलेले आणि सगळे बाहेरच्या अंगाला वाकलेले. माझ्या बोर्डासारखे हुबेहूब. मी म्हटलं, "काका, हे सगळे वाकलेत की. वजन ठेवायचं राहिलं का?"

त्यांनी खळीचा ब्रश डब्यात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दाबून काय हुतंय रं पोरा? एका अंगानं कापड वढतंय. आता आतनं कागद लावला की दुसऱ्या अंगानं वढंल. मग कुठं जाईल ते?"

आणि लावून दाखवला. अस्तराच्या कागदाला खळ लावली आणि चिकटवायची घाई न करता कागद तसाच पडू दिला. कागद आधी ओला होऊन पसरला पाहिजे, मग चिकटवायचा, म्हणजे वाळताना जोरात आखडतो. कागद बसवल्यावर पुठ्ठा अजूनच वाकला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आत्ता फुगलाय. सकाळी ये."

सकाळी गेलो. पुठ्ठा सरळ.

मग त्यांनी कागदाची दिशा दाखवली, आणि यातली खरी मेख तीच आहे. वर्तमानपत्र वरून खाली फाडा, सरळ रेषेत फाटतं. आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. सरळ फाटतं ती कागदाची उभी दिशा. ओला कागद वाळताना त्या दिशेला फार आखडत नाही, आडव्या दिशेला जास्त आखडतो.

वाटी झालेला तुकडा सरळ करणं

झाडं, दगड, काढता येईल ते काढून घ्या. गोधडी दुहेरी घालून तुकडा त्यावर पालथा ठेवा. पाठीवर धूळ, मेण, टेपचे डाग असतील तर बारीक पॉलिशपेपर मारून पुसा.

आता बाक बघा. तुकडा पन्हळीसारखा एकाच दिशेने वाकला असेल तर कागदाची सरळ फाटणारी दिशा पन्हळीच्या लांबीला समांतर ठेवा, म्हणजे कागद पन्हळीला आडवा ओढेल. चारही कोपरे सारखे उचलले असतील तर दोन थर लागतील, एक उभा, एक आडवा. पण दुसरा थर पहिल्याचा निकाल बघून. एकदम दोन्ही लावाल तर पालथी वाटी हातात येईल. माझ्या आली.

कागद खाकी घ्या, पुस्तकाला कव्हर घालतो तो. वर्तमानपत्र दिशा समजायला बरं, ओढायला त्यात ताकद कमी. डिंक म्हणून फेविकॉल निम्म्याला निम्मं पाणी घालून. काका खळ वापरतात आणि किडीसाठी तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, घरात लहान मूल असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

कागदाला डिंक लावा, पाच मिनिटं पडू द्या, मग पाठीवर मधून कडेकडे हाताने बसवा. बुडबुडे राहिले तर तेवढ्या जागी ओढ मिळत नाही. आणि मग घाबरू नका. पहिल्या रात्री तुकडा आधीपेक्षा जास्त वाकतो, कारण पाठ ओली होऊन फुगलेली असते. पहिल्यांदा मी याच टप्प्याला कागद खरवडून काढला होता. रात्रभर त्यावर काही ठेवू नका, पाणी उडायला वाट हवी. दुसऱ्या दिवशी हाताची मागची बाजू कागदाला टेकवा. गार लागला तर आत अजून ओल आहे. खोलीतल्या इतर वस्तूंइतकाच लागला की वाळला. तेव्हा वजन ठेवा, तेही दोन दिवस. कागद नंतरही थोडं ओढत राहतो, म्हणून अगदी सपाट झाल्यावर नव्हे, एखादा मिलिमीटर बाकी असतानाच समाधान माना.

पूर्ण वाळल्यावर पाठ आणि चारही कडा बंद करा. इथे बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक रंग, दोन पातळ हात. ऑइलचा प्रायमर ओल जास्त चांगली अडवतो, पण ज्या तुकड्यावर फोम चढलेला आहे तिथे तो नको, त्यातलं टर्पेंटाइन फोम खातं. एमडीएफच्या कडांना तिसरा हात द्या. एमडीएफ सगळ्यात जास्त पाणी कडेनेच पितो.

हे सगळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा. ही सूचना मी जाड अक्षरात लिहायला हवी. भर जुलैत पाठ रंगवली तर ओल आतच कोंडते. मग हिवाळ्यात जिथून वाट मिळेल तिथून ती बाहेर पडते आणि तुकडा भलत्याच बाजूला वाकतो. जुलैत करण्यासारखं एकच काम, तुकडे नीट ठेवणं. त्याबद्दल शेवटी.

नुसत्या फोमचा तुकडा

काही जण खाली फळी न घेता ३०-४० मिमीच्या एक्सपीएस फोमचाच तुकडा करतात. हा दाट, गुलाबी किंवा निळसर फोम, छताच्या इन्शुलेशनवाल्यांकडे मिळतो. फोम स्वतः पाणी पीत नाही, त्यामुळे पावसाने तो फुगत नाही. पण वरच्या डिंकाच्या ओढीपुढे मान टाकतो, आणि एकदा वाकून महिनाभर पडून राहिला की त्याच आकारात मुरतो.

त्याला कागदाचा उपाय पुरत नाही. तुकडा पालथा करून पाठीवर बाकाला आडव्या, म्हणजे पन्हळीच्या लांबीला समांतर, दोन-दोन इंचांवर चिरा द्या. ब्लेड निम्म्या जाडीपर्यंतच. दाबल्यावर चिरा मिटतात आणि तुकडा बसतो. त्या स्थितीत तो प्लायवर चिकटवायचा.

कशाने चिकटवायचा, इथे माझे तीन आठवडे गेले. फोम आणि प्रायमर मारलेला प्लाय यांच्यामध्ये मी फेविकॉल भरपूर पसरला, वजन ठेवलं, तीन आठवड्यांनी उचललं तर कडेला चार बोटं वाळलेलं आणि मधे डिंक पांढराशुभ्र, ओला, दह्यासारखा. साहजिक आहे. त्या डिंकाला वाळायला पाणी बाहेर जावं लागतं, आणि खाली-वर दोन्हीकडे वाट बंद. लाकूड लाकडाला चिकटतं कारण लाकूड ते पाणी शोषतं. फोम शोषत नाही. रबरी सोल्यूशन लावायचा मोह होईल. त्यातलं सॉल्व्हंट फोमला विरघळवून त्यात खड्डे पाडतं. फोमला चालतो असं ट्यूबवर स्पष्ट लिहिलेला बांधकामाचा अ‍ॅडहेसिव्ह घ्या, आणि तोही आधी फोमच्या टाकाऊ तुकड्यावर लावून रात्रभर बघा.

स्प्रेच्या डब्याचंही तेच. उघड्या फोमवर थेट मारला तर कड्याला देवीचे व्रण पडल्यासारखं होतं. आधी पाण्याच्या रंगाचा किंवा डिंकाचा पूर्ण थर, कुठेही फोम उघडा नको, मग स्प्रे. तरीही मी मारत नाही.

पीळ

पीळ बहुतेक वेळा डिंकाचा नसतो, फळीचा असतो. दुकानात प्लाय भिंतीला तिरका टेकवून महिनोन् महिने उभा असतो, तसाच तो घरी येतो. घेताना सुतार जसा एक डोळा मिटून कडेवरून बघतो तसं बघा. समोरची कड आणि मागची कड एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. नसतील तर खालची शीट मागा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

माझ्या सहा तुकड्यांतल्या खिंडीच्या तुकड्यालाही पीळ आला होता, पण त्याचं कारण माझं होतं. एका कडेला सहा इंच उंच कडा, त्याच्यावर डिंक आणि प्लास्टरचे थर, आणि समोरच्या कोपऱ्यात नुसती पायवाट. ओढ एकाच कोपऱ्यात. वर, वाळवताना तो तुकडा मी खिडकीशी तिरका टेकवला होता. आता कडे वेगळे करतो, पूर्ण वाळवतो, मग बोर्डावर बसवतो. प्लास्टर तर कधीच थेट बोर्डावर ओतत नाही. पापाच्या तिकटीजवळच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या प्लास्टरमध्ये काथ्या घालताना बघितलंय, तसा काथ्या कातरून घातला की कड्याचा पातळ थरही तडकत नाही. फक्त गणपतीच्या आधी महिनाभर तिथे काही विचारायला जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

पिळलेला प्लाय कागदाने सरळ होत नाही. खाली १ बाय २ इंची पट्ट्यांची चौकट स्क्रूने मारून ओढून घेता येतो, थोडाफार. जास्त पीळ असेल तर तो तुकडा रंगकामाचा पाट म्हणून ठेवा.

नवीन करत असाल तर

८ बाय ४ फुटांच्या एका प्लाय शीटमधून २ बाय २ चे आठ तुकडे निघतात. सहा वापरायचे, दोन शिल्लक. त्यातला एक प्रयोगाला ठेवा, हा पैसा वाया जात नाही. करवतीचं पातं दोन-तीन मिलिमीटर खातं, म्हणून मिस्त्रीला "दोन फुटांचे कापा" म्हणू नका, "सगळे एका मापाचे कापा" म्हणा. पावणेचोवीस इंच झाले तरी चालतील, पण आठही पावणेचोवीस हवेत.

जाडी १२ मिमी घेतली तर एकेक तुकडा अडीच-तीन किलोचा होतो आणि सहा तुकडे जिन्यावरून नेताना त्या जाडीचा पश्चात्ताप होतो. मी आता ६ मिमी प्लाय आणि खाली पट्ट्यांची चौकट, मधे एक आडवी पट्टी, असं करतो. ओल न खाणारा प्लाय हवा असेल तर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो मरीन प्रतीचा. महाग पडतो. चौकट आणि प्रायमर नीट असेल तर साध्यावरही भागतं, असं माझं मत आहे. माझ्या मित्राला ते मान्य नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी चौकट. मग सहाही बाजूंना ऑइलचा वुड प्रायमर, दोन हात, आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबणं, आठवडा तरी. त्यानंतरच फोम. वर वाळू-डिंकाचा जेवढा थर देणार, तेवढ्याच डिंकाचा एक हात त्याच दिवशी पाठीलाही द्या. वाळू नको, नुसता डिंक. दोन्ही बाजू बरोबर वाळतात, बरोबर ओढतात.

वाळूच्या मिश्रणात आखडतो तो डिंक, वाळू आखडत नाही. म्हणून डिंक कमी, वाळू जास्त. मी पूर्वी डिंकाचा लेप देऊन वर वाळू भुरभुरायचो आणि मग पातळ डिंकाचा पूर आणायचो. आता वाळू, रंग आणि थोडा डिंक कालवून घट्ट चटणीसारखं करतो आणि जुन्या उलथन्याने थापतो. पाणी निम्म्याहून कमी जातं. वाळू नदीची, धुतलेली, वाळवलेली, चाळलेली. चाळणी स्वतःची आणा. पिठाची चाळणी घेतल्यावर घरात काय होतं ते मी एकदा पाहिलंय.

वाळवताना तुकडा चार वाट्यांवर आडवा ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागतो. भिंतीला टेकवू नका, उन्हात ठेवू नका. एप्रिलमध्ये चार-पाच तासांत वाळणारा हात पावसाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत गार लागतो, तेव्हा घड्याळावर नाही, हातावर विश्वास ठेवा.

वजन कसलं ठेवावं? वर्तमानपत्रांचे गठ्ठे, तांदळाची पिशवी, काहीही. फक्त गुळाची ढेप नको. घरात दहा किलोची होती, आकारही छान चौकोनी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. सकाळी मुंगळ्यांची रांग खिंडीतून विशालगडाच्या दिशेने निघाली होती. बाजीप्रभूंनाही आवरली नसती इतकी मोठी फौज.

बुरशीबद्दल एकच. जमिनीवर पाचोळा दाखवायला चहाचा चोथा छान दिसतो, मी दोन तुकड्यांवर वापरला आणि जुलैत त्यावर पांढरा कापूस उगवला. चोथा, भुसा, पीठ, काहीही खाण्याजोगं बोर्डावर लावायचं तर आधी कढईत कोरडं भाजून घ्या आणि वरून वार्निशने बंद करा. त्यापेक्षा रंगवलेली वाळू बरी.

पावसाळ्यात ठेवायचं कसं

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतीला जुलैत हात लावला तर हात ओला होतो. त्या भिंतीला मी बोर्ड टेकवून ठेवत होतो. आता सहाही तुकडे दोन-दोन तोंडाला तोंड लावून, मधे फोमच्या चकत्या घालून, दोरीने घट्ट बांधतो आणि आतल्या भिंतीपासून चार बोटं सोडून पूर्ण उभे ठेवतो. तिरके नाहीत. तिरका ठेवलेला तुकडा स्वतःच्या वजनाने बाक घेतो. गठ्ठ्याखाली दोन पट्ट्या, जमिनीची ओल लागू नये म्हणून. वरून प्लास्टिक गुंडाळत नाही. गुंडाळलं तर आतली ओल आतच घाम धरते.

या जुलैत मोजलं. पाच तुकड्यांखाली पेन्सिलीचं टोकही गेलं नाही. खिंडीचा तुकडा अजून चार मिलिमीटर उचलतो, डावा मागचा कोपरा. त्याच्याखाली पुठ्ठ्याची दुहेरी चकती सरकवतो आणि सांध्यावर झुडूप ठेवतो. फेब्रुवारीत त्याच्या चौकटीचे स्क्रू काढून बघणार आहे.